चुली सात, विहीर एक: क्लेअरमाँट कॉलेजेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावात मी चार वर्षं शिकले. तेव्हापासून पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मेल येत असतात. गावं बदलतात, प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत आणि गुंत्याचे नंतर. तारखा आणि अटी दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारचा माना.

१. क्लेअरमाँट कॉलेजेस हे एक कॉलेज आहे की अनेक?

सात स्वतंत्र संस्था आहेत आणि त्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. पदवीची पाच कॉलेजं अशी: पोमोना (१८८७), स्क्रिप्स (१९२६), क्लेअरमाँट मॅकेना (१९४६), हार्वी मड (१९५५) आणि पिट्झर (१९६३). पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन संस्था: क्लेअरमाँट ग्रॅज्युएट युनिव्हर्सिटी (१९२५) आणि केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट (१९९७). मुलांच्या बोलण्यात पाच कॉलेजांना ‘फाइव्ह सी’ म्हणतात आणि सगळ्यांना मिळून ‘सेव्हन सी’. बारावीनंतर जाणाऱ्यांचा संबंध मुख्यतः पहिल्या पाचांशी येतो, त्यामुळे पुढची बहुतेक उत्तरं त्या पाचांबद्दल आहेत.

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. हार्वी मड विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगचं. क्लेअरमाँट मॅकेना अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि सार्वजनिक कारभाराकडे झुकलेलं. पिट्झर समाजशास्त्रं आणि पर्यावरणाचं. स्क्रिप्स मुलींचं कॉलेज आहे. पोमोना सर्वांत जुनं आणि पाचांत सर्वांत मोठं, तरी तिथे दोन हजारांहून कमी विद्यार्थी आहेत.

२. मग यांचं विद्यापीठ कोणतं? डिग्रीवर नाव कोणाचं येतं?

हा प्रश्न महाराष्ट्रातून सर्वांत जास्त येतो आणि तो पडणं साहजिक आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदवी द्यायची. तेव्हापासून ‘कॉलेज’ म्हटलं की ‘कोणत्या विद्यापीठाला संलग्न?’ हे आपल्या तोंडी लगेच येतं.

क्लेअरमाँटमध्ये वर कुणी विद्यापीठ नाही. पिट्झरमध्ये शिकलात तर पदवी पिट्झरची. तिथला अभ्यासक्रम, परीक्षा, प्राध्यापकांच्या नेमणुका, गंगाजळी आणि विश्वस्त मंडळ सगळं पिट्झरचं. ‘क्लेअरमाँट ग्रॅज्युएट युनिव्हर्सिटी’च्या नावात युनिव्हर्सिटी आहे, पण पाच कॉलेजांवर तिची सत्ता नाही. तीही सातांपैकी एक शेजारीण आहे.

३. एकच मोठं कॉलेज काढण्याऐवजी एवढी छोटी कॉलेजं शेजारी शेजारी का काढली?

१९२०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात लोकवस्ती झपाट्याने वाढत होती आणि पोमोना कॉलेजवर वाढण्याचा दबाव होता. तेव्हाचे अध्यक्ष जेम्स ब्लेझडेल यांना वाटलं, कॉलेज फार मोठं झालं की शिक्षक विद्यार्थ्याला नावानिशी ओळखतो ते सुख जातं. दुसरीकडे छोट्या कॉलेजला मोठं ग्रंथालय परवडत नाही. ऑक्सफर्डचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. १९२३ साली त्यांनी एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या श्रीमंत, दानशूर बाईंना पत्र लिहून कल्पना मांडली: एक कॉलेज फुगवायचं नाही, त्याच्या शेजारी नवी छोटी कॉलेजं काढायची आणि ग्रंथालयासारख्या गोष्टी मध्ये, सगळ्यांच्या ठेवायच्या. १९२५ साली हा समूह कायद्याने अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी स्क्रिप्स कॉलेज निघालं.

आपल्याकडे भावाभावांत चुली वेगळ्या होतात, पण विहीर सामाईक राहते आणि सातबाऱ्यावर तशी नोंद असते. क्लेअरमाँट समजायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. फरक इतकाच की इथे एक घर मोडून वाटण्या झालेल्या नाहीत. विहिरीचा विचार आधी झाला आणि तिच्याभोवती घरं नंतर बांधली.

४. पोमोना कॉलेज पोमोना शहरात आहे ना?

नाही. सुरुवात पोमोना शहरात झाली, पण लवकरच कॉलेज शेजारच्या क्लेअरमाँटला हललं आणि नाव तेच राहिलं. ‘कॅल पॉली पोमोना’ हे सरकारी विद्यापीठ पूर्णपणे वेगळं आहे. अर्ज भरताना ही गल्लत करणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

५. नेमकं काय सामाईक आहे आणि काय वेगळं?

सामाईक: मुख्य ग्रंथालय, परिसराची सुरक्षा, विद्यार्थ्यांचा दवाखाना, समुपदेशन केंद्र, पुस्तकांचं दुकान, सर्वधर्मीय केंद्र आणि काही विद्यार्थी-आधार केंद्रं. पडद्यामागची बरीच कचेरीची कामंही एकत्र होतात. फूटहिल रस्त्यापलीकडे बर्नार्ड फील्ड स्टेशन नावाचं झुडपी रान राखलेलं आहे. स्थानिक वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासाला सगळ्या कॉलेजांची मुलं तिथे जातात. त्यातल्या बांधलेल्या तळ्याला मुलं ‘फेक लेक’ म्हणतात आणि लिहिताना त्यातला ‘फ’ रसायनशास्त्रातल्या ‘पीएच’सारखा लिहितात.

वेगळं: प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्राध्यापक, पदवी आणि शिस्तीचे नियम.

वर्ग, जेवण आणि खेळ या दोन्हींच्या मधल्या गोष्टी आहेत. मालकी ज्याची त्याची, पण दार सगळ्यांना उघडं (प्रश्न ८, १४ आणि १६ पाहा).

६. ही सामाईक कामं चालवतं कोण? पैसे कोण भरतं?

त्यासाठी ‘द क्लेअरमाँट कॉलेजेस सर्व्हिसेस’ ही वेगळी ना-नफा संस्था आहे. तिचं सध्याचं स्वरूप २००० सालापासूनचं, तेव्हा नाव ‘क्लेअरमाँट युनिव्हर्सिटी कन्सॉर्शियम’ होतं. ती शिकवत नाही आणि पदवीही देत नाही. तिच्या सेवांचा खर्च सातही संस्था आपापसांत ठरवून वाटून घेतात.

मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. दवाखाना पोमोनाच्या ताब्यात असता तर पिट्झरच्या मुलीला तिथे पाहुणी असल्यासारखं वाटलं असतं. त्रयस्थ संस्थेचा असल्याने तो सगळ्यांचा सारखाच आहे.

७. एका अर्जात पाचही कॉलेजांना अर्ज करता येतो का? एकात मिळालं की दुसऱ्यात बदली होते का?

दोन्हींचं उत्तर नाही. अनेक अमेरिकन कॉलेजांसाठीच्या ‘कॉमन अ‍ॅप’ या ऑनलाइन अर्जावर पाचही कॉलेजं आहेत, पण प्रत्येकाला अर्ज वेगळा, पूरक निबंध वेगळे आणि निर्णयही वेगळा. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाऊ असं बांधून घेणारा लवकरचा अर्ज, आणि तो एका वेळी एकाच कॉलेजला करता येतो. ‘पिट्झरला मिळालं, वर्षभराने पोमोनाला सरकवून घेऊ’ हा बेत करू नका. बदलीसाठी बाहेरच्या विद्यार्थ्यासारखा नव्याने अर्ज करावा लागतो आणि जागा मोजक्याच असतात.

कळकळीने सांगते, ज्या कॉलेजात प्रवेश घ्याल ते तुमचं घर असेल. सल्लागार, वसतिगृह, सक्तीचे विषय, शिष्यवृत्ती सगळं तिथूनच येणार. शेजारी चांगले आहेत म्हणून नको असलेलं घर घेऊ नये.

८. दुसऱ्या कॉलेजात वर्ग कसा घ्यायचा? जादा फी पडते का?

याला क्रॉस-रजिस्ट्रेशन म्हणतात. फी तुमच्या होम कॉलेजला, म्हणजे जिथे प्रवेश घेतलात त्या कॉलेजला, एकदाच भरायची, दुसरीकडचा वर्ग घेतला म्हणून नेहमीच्या शिकवणी-फीवर वेगळी फी नाही. पाचही कॉलेजांचे वर्ग एकाच ऑनलाइन यादीत दिसतात, तुम्ही आपल्याच खात्यातून नाव नोंदवता आणि गुण तुमच्याच गुणपत्रकावर येतात.

पहिल्या वर्षी मात्र फार उड्या मारता येत नाहीत. प्रत्येक कॉलेजला आपली मुलं आधी आपल्यात रुजायला हवी असतात. स्क्रिप्सचा ‘कोअर’ (सगळ्यांना सक्तीचा) अभ्यासक्रम किंवा हार्वी मडचा विज्ञान-गणिताचा भरगच्च ‘कोअर’ त्यासाठीच आहे. मडच्या मुलांना पहिल्या वर्षी बाहेर पाहायला फारशी उसंत नसते. शेजाऱ्यांकडचं येणं-जाणं दुसऱ्या वर्षापासून खरं सुरू होतं.

९. एका कॉलेजातून दुसऱ्यात वेळेत पोचता येतं का?

येतं. पोमोनाच्या दक्षिण टोकापासून हार्वी मडपर्यंत पायी साधारण वीस मिनिटं लागतात आणि बाकीची अंतरं बहुतेक त्याहून कमी आहेत. तासांच्या वेळा सगळ्या कॉलेजांत बऱ्याच अंशी जुळवलेल्या असतात. खरं सांगायचं तर सगळी भागीदारी या वेळापत्रकावर तोलली आहे. वेळा जुळल्या नसत्या तर शेजारचा वर्ग कागदावरच राहिला असता.

अंतर किती महत्त्वाचं ते मॅसॅच्युसेट्सच्या ‘फाइव्ह कॉलेजेस’वरून कळतं. तिथे अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होलियोक ही कॉलेजं वेगवेगळ्या गावांत आहेत, म्हणून तिथला विद्यार्थी वर्ग निवडण्याआधी बसचं वेळापत्रक पाहतो. क्लेअरमाँटमध्ये बुटांची नाडी बांधली की झालं.

१०. हवा तो वर्ग मिळतोच का?

नाही, आणि ही गोष्ट कॉलेजांच्या माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली नसते. सामाईक विहिरीलाही पाण्याची पाळी असते. ज्या कॉलेजचा वर्ग, त्याच्या मुलांसाठी बऱ्याचदा काही जागा राखून ठेवतात. वर्ग भरला की प्राध्यापकांकडे परवानगीची विनंती करायची. मुलं तिला ‘पर्म’ म्हणतात. नोंदणीच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर ‘पर्म आलं का?’ हा एकच विषय असतो.

सर्वांत जास्त ताण कॉम्प्युटर सायन्सवर आहे. हार्वी मड आणि पोमोना दोन्हीकडे हा विषय जोरात आहे आणि बाकी कॉलेजांच्या मुलांनाही तो हवा असतो. तुम्हाला मुख्यतः कॉम्प्युटर सायन्सच करायचं असेल तर ‘घर पिट्झरचं, वर्ग मडचे’ या हिशेबावर प्रवेश घेऊ नका.

परवानगी मागताना ‘मला हा विषय फार आवडतो’ एवढंच लिहून भागत नाही. आधी कोणते वर्ग केलेत, हा वर्ग याच सत्रात का हवा आणि नाही मिळाला तर पुढचं काय अडतं, हे चार ओळींत लिहा. शिवाय पहिल्या तासाला जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात मुलं वर्ग सोडतात आणि जागा होतात.

११. माझ्या कॉलेजात नसलेल्या विषयात मेजर करता येतं का?

बऱ्याचदा येतं. नियम साधारण असा: तो विषय तुमच्या कॉलेजात नसेल तर दुसऱ्या कॉलेजातून तो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून करू देतात. त्याला ‘ऑफ-कॅम्पस मेजर’ म्हणतात. तुमच्या कॉलेजात तोच विषय असेल आणि केवळ शेजारचा विभाग जास्त नावाजलेला वाटत असेल, तर सहसा नाही. पदवी तरीही होम कॉलेजचीच आणि तिथले सक्तीचे विषयही पूर्ण करावे लागतात. गर्दीच्या विषयांना वेगळ्या मर्यादा आहेत (प्रश्न १० पाहा).

काही विषय मुळातच एकत्र चालतात. आफ्रिकाना स्टडीज, एशियन अमेरिकन स्टडीज यांसारख्या विभागांतले प्राध्यापक वेगवेगळ्या कॉलेजांचे आहेत, विभाग मात्र एक आहे. नाट्यविभाग पोमोनाचा, पण रंगमंचावर पाचही कॉलेजांची मुलं असतात.

१२. क्रेडिट सगळीकडे सारखे मोजतात का?

नाही. पोमोना, स्क्रिप्स, मॅकेना आणि पिट्झरमध्ये एक पूर्ण वर्ग म्हणजे एक कोर्स. हार्वी मड युनिटमध्ये मोजतं आणि तिथे नेहमीचा वर्ग तीन युनिटचा. रूपांतर ठरलेलं असतं, त्यामुळे पूर्ण वर्गाला अडचण येत नाही. घोळ होतो तो अर्ध्या सत्राच्या किंवा कमी युनिटच्या वर्गांत. असा वर्ग घेण्याआधी तो आपल्याकडे किती धरणार हे रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. माझ्या एका मैत्रिणीला शेवटच्या सत्रात कळलं की अर्धा कोर्स कमी पडतोय. तिने तो धावपळ करून भरला, पण ते दोन आठवडे तिला झोप नव्हती.

१३. स्क्रिप्स मुलींचं कॉलेज आहे, मग तिथल्या वर्गात मुलगे कसे?

प्रवेश आणि पदवी मुलींचं कॉलेज म्हणून, पण वर्ग क्रॉस-रजिस्ट्रेशनला खुले. त्यामुळे शेजारच्या कॉलेजांतले मुलगे वर्गात दिसतात. मुलीसाठी फक्त मुलींचं वसतिगृह हवं आणि वर्ग मिश्र चालतील, असा विचार करणाऱ्या बऱ्याच आईवडिलांना ही रचना पसंत पडते.

१४. जेवणाचं काय? शाकाहारी मिळतं का?

वसतिगृहासोबत घेतलेल्या मील प्लॅनवर (जेवणाच्या आगाऊ पैसे भरलेल्या योजनेवर) पाचपैकी कुठल्याही कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये जेवता येतं. कार्ड स्वाइप करायचं आणि आत जायचं. कोणाची मुलं कुठे किती जेवली त्याचा हिशेब कॉलेजं नंतर आपसांत करतात. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ सगळीकडे असतात आणि त्यांच्यावर पाट्या असतात. एकीकडचा मेनू नकोसा वाटला तर पाच मिनिटांवर दुसरं स्वयंपाकघर आहे.

पोमोनाच्या फ्रेरी हॉलमध्ये एकदा तरी जेवा. टोकाच्या भिंतीवर, कमानीखाली, मेक्सिकन चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को यांनी १९३० साली रंगवलेला प्रचंड ‘प्रोमिथियस’ आहे, ग्रीक पुराणातला, माणसांसाठी अग्नी आणणारा. अग्नीकडे हात उंचावलेला तो उघडा देह आणि त्याच्या पायथ्याशी ट्रे घेऊन उभी असलेली, तासाला उशीर झालेली मुलं. मी चार वर्षं तिथे वरण-भाताची आठवण काढत सूप प्यायले, पण मान वर करून त्या चित्राकडे पाहिलं नाही असा एकही दिवस आठवत नाही. आणि त्या टेबलाभोवतीची आम्ही पाच जणी चार वेगवेगळ्या कॉलेजांच्या होतो.

१५. ग्रंथालय खरंच सगळ्यांचं सारखं आहे का?

हो. हॉनोल्ड-मड ग्रंथालय कुठल्याही एका कॉलेजचं नाही. हॉनोल्डची इमारत १९५२ साली उघडली. मी तिथे दोन वर्षं काउंटरवर काम केलं. कार्डाचे रंग वेगळे, पण स्कॅनर सगळ्यांना एकच आवाज करायचा. परीक्षेच्या दिवसांत मडचा मुलगा फळ्यावर समीकरण मांडतोय आणि पलीकडे स्क्रिप्सची मुलगी प्रबंधाच्या पन्नास पुस्तकांचा ढीग लावून बसली आहे, हे रोजचं दृश्य होतं. शेजारच्या कॉलेजात वर्ग न घेता चार वर्षं काढणारी मुलंही मी पाहिली, पण ग्रंथालयात न येणारं कुणी नव्हतं. स्क्रिप्सचं स्वतःचं डेनिसन ग्रंथालय वेगळं आहे. रंगीत काचांची मोठी खिडकी पाहायला तरी तिथे जा.

१६. खेळात पाच कॉलेजांचा एक संघ असतो का?

एक नाही, दोन. पोमोना आणि पिट्झर मिळून ‘सेजहेन्स’. क्लेअरमाँट मॅकेना, हार्वी मड आणि स्क्रिप्स मिळून दुसरा. त्यांच्या मुलग्यांचे संघ ‘स्टॅग्ज’, मुलींचे ‘अथीनाज’. दोन्ही एकाच विभागीय लीगमध्ये खेळतात. सकाळी प्रयोगशाळेत एकत्र बसलेली मुलं संध्याकाळी एकमेकांविरुद्ध घसा फोडून ओरडतात.

१७. दुसऱ्या कॉलेजच्या वर्गात कॉपीचा आरोप झाला तर चौकशी कोण करतं?

वर्ग ज्याचा, अपेक्षा आणि नियम त्याचे. चौकशीची प्रक्रिया मात्र सहसा होम कॉलेजमध्ये चालते. इथे गाफील राहू नका. हार्वी मडमध्ये ऑनर कोडवर (प्रामाणिकपणाच्या लेखी नियमांवर) विश्वास ठेवून परीक्षा घरी सोडवायला देतात. बाहेरच्या मुलांना वाटतं, घरी सोडवायची म्हणजे मिळून सोडवली तरी चालेल. चालत नाही. पहिल्याच तासाला विचारून घ्या: कोणाशी बोललेलं चालतं, काय पाहिलेलं चालतं, वेळ किती.

१८. ही भागीदारी कधी तुटते का?

पूर्ण तुटलेली नाही, पण वाटण्या झाल्या आहेत. क्लेअरमाँट मॅकेना, पिट्झर आणि स्क्रिप्स या तिघांचा मिळून केक सायन्स हा विज्ञान विभाग अनेक वर्षं एकत्र होता. विज्ञान घेणारी मुलं वाढली, जागा आणि शिक्षक कमी पडू लागले, आणि तिघांच्या गरजाही एकसारख्या राहिल्या नाहीत. शेवटी मॅकेनाने बाहेर पडून स्वतःचा विज्ञान विभाग आणि नवी इमारत उभी केली. पिट्झर आणि स्क्रिप्सने पुढेही एकत्र राहायचं ठरवलं.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. वाढायची ऐपत आणि इच्छा असलेल्याला थांबवून ठेवणं बरोबर नाही. पण मागे उरलेल्यांवर खर्चाचा वाटा वाढतो, हेही खरं आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की विज्ञान विभाग वेगळा झाला तरी मॅकेनाचं ग्रंथालय, दवाखाना, सुरक्षा आणि क्रॉस-रजिस्ट्रेशन जिथल्या तिथे राहिलं. प्रत्येक गोष्टीचा करार वेगळा असल्याने एक दोरा तुटला तरी कापड फाटलं नाही.

१९. आपल्याकडे असं काही आहे का?

अगदी असं नाही. मुंबईत २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झालं. त्यात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज एकत्र आली. ही कॉलेजंही एकमेकांजवळ आहेत, पण रचना उलटी आहे: तिथे कॉलेजं एका विद्यापीठाचा भाग झाली, क्लेअरमाँटमध्ये स्वतंत्रच राहिली. ‘इन्फ्लिबनेट’ या ग्रंथालयांना जोडणाऱ्या सरकारी केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून छोट्या गावातल्या कॉलेजलाही थोड्या वर्गणीत हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं मिळतात. सामाईक विहिरीच्या जवळचं आपल्याकडचं उदाहरण मला तेच वाटतं.

वर्गांची देवाणघेवाण मात्र अवघड आहे. पुण्यात भिंतीला भिंत लागून असलेल्या कॉलेजांतसुद्धा एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात सहज बसू शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यामुळे, क्रेडिट हलवायची सोय झाली. वेळापत्रक जुळवायचं काम (प्रश्न ९ पाहा) शेजारच्या दोन प्राचार्यांनी बसून करायचं आहे, आणि त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

२०. एक दिवस पाहायला जायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवरून मेट्रोलिंकची सॅन बर्नार्डिनो लाइन पकडा. तासाभरात क्लेअरमाँट येतं. स्टेशनबाहेर ‘व्हिलेज’ म्हणजे दुकानांचा छोटा भाग आहे, तिथून कॉलेज अव्हेन्यूने उत्तरेला चालत राहा. आधी पोमोना, मग फ्रेरी हॉल, पुढे हॉनोल्ड-मड ग्रंथालय. तिथून स्क्रिप्सच्या बागांतून हार्वी मडला निघा आणि परतताना पूर्वेकडून पिट्झर आणि मॅकेना करा. अधिकृत टूर हवी असेल तर प्रत्येक कॉलेजची वेगळी नोंदवावी लागते (कारण प्रश्न ७ मध्ये आहे). एका दिवसात दोनच नोंदवा, बाकी स्वतः फिरा. पाऊस पडून गेल्यावर हिवाळ्यात गेलात तर उत्तरेला माउंट बाल्डी या डोंगरावर बर्फ दिसेल आणि खाली संत्र्यांची झाडं फळांनी भरलेली असतील.